मास्टरांच्या पोटातली जाळी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, गुलशन बँडचे सर्व वादक बंधू, माझे आजी-माजी विद्यार्थी, आणि मागच्या भिंतीशी उभे असलेले, म्हणजे खुर्च्या कमी पडल्या म्हणून नव्हे तर वेळेवर निसटता यावं म्हणून उभे असलेले सुज्ञ आरमोरीकर नागरिकहो,

बोलणं फार कठीण आहे. हे वाक्य प्रत्येक शोकसभेत प्रत्येक वक्ता उच्चारतो आणि त्यानंतर पाऊण तास बोलतो. मीही त्याच संप्रदायातला आहे. बावीस वर्षं या गावात संस्कृत शिकवतो आहे, आणि संस्कृत शिकवणाऱ्याला शोकसभेत बोलता येतंच, अशी या गावाची एक निरागस समजूत आहे. दिवंगतांना मी जितकं कमी ओळखत असे, तितका मी अधिक प्रासादिक बोलत असे. रहीम मास्टरांना मी बावीस वर्षं ओळखत होतो. म्हणून आज अडखळतो आहे.

आज बारावा दिवस. आपण मास्टरांचे गुण गाण्यासाठी जमलो आहोत. ते मी गाईन. पण त्यांचा मृत्यू कसा झाला, हेही मला सांगायचं आहे. गावात एक निर्णय झालेला आहे. डॉक्टरांनी पोटात प्लास्टिक घातलं आणि त्या प्लास्टिकनं मास्टरांना खाल्लं. न्यायदान पानठेल्यावर झालं, त्यामुळे अपिलाची सोय नव्हती. ते अपील मी आज इथे करतो आहे.

यात एका माणसाचा जीव अडकलेला आहे. राइस मिलमधले सोमाजीभाऊ हमाल शेवटच्या रांगेत बसले आहेत. उजवा हात मांडीच्या सांध्यावर दाबून बसले आहेत. सोमाजीभाऊ, क्षमा करा, भरसभेत आपलं नाव घेतलं. आपल्याला मास्टरांचाच आजार आहे. परवा शुक्रवारी आपलं ऑपरेशन व्हायचं होतं, आणि गेल्या सोमवारी आपण यादीतून नाव कापून आलात. चहाच्या टपरीवर आपण मला म्हणालात, "गुरुजी, पिलास्टिकनं मास्टरले खाल्लं. मले नाई लागत ते." त्यावर मी काय म्हणालो? मी म्हणालो, चहात साखर कमी आहे.

म्हणून आज उभा आहे.

आधी मास्टर. तरुण मंडळींनी त्यांना लाल कोटातला, सोनेरी झालरीचा, ट्रंपेटवाला माणूस म्हणून पाहिलं. या तालुक्यात गेल्या तीस वर्षांत जे जे विवाहबद्ध झाले, ते त्यांच्या फुंकरीवर झाले. माझंही झालं. वरातीत माझा घोडा बुजला, तेव्हा मास्टरांनी ट्रंपेट खाली घेतलं, घोड्याच्या कानाशी जाऊन काही बोलले आणि मग मला म्हणाले, "गुरुजी, घोडा समजदार हाये. तुमीच थरथरून राह्यले." ही आमची पहिली भेट. दुसऱ्या भेटीपासून मैत्री.

मैत्रीचं स्वरूप असं की मी जड शब्दांत त्यांची थट्टा करायची आणि त्यांनी हलक्या शब्दांत माझी हवा काढायची. एकदा माझं भाषण ऐकून ते म्हणाले, "तुमचं भाषण आमच्या बड्या ढोलावाणी हाये, गुरुजी. आवाज मोठा, आत हवा." मी विचारलं, आणि आपल्या ट्रंपेटात काय असतं, मास्टर? सुवर्ण? ते म्हणाले, "त्यातबी हवाच. पण आमी ते भाहेर काढतो."

त्याच हवेनं त्यांना आजार दिला. तीस वर्षं पोटातून जोर काढून फुंकायचं, तर पोटाची भिंत कुठेतरी विरणारच. मास्टरांची जांघेत विरली आणि तिथून आतडं डोकावू लागलं. आपण त्याला अंतर्गळ म्हणतो. हर्निया म्हटलं की आजार प्रतिष्ठित होतो. पूर्वी एकदा साध्या टाक्यांनी शिवून झालं होतं. एका लग्नसराईत टाके उसवले. मग ते आपल्या डॉक्टर कुलसंगे यांच्याकडे गेले, आणि भाषांतरकार म्हणून मला घेऊन गेले. डॉक्टर धानोऱ्याकडचे, मास्टर आरमोरीचे, दोघेही उत्तम बोलतात. भाषांतराची गरज फक्त मला होती.

डॉक्टरांनी टेबलावर एक जाळी ठेवली. पांढरी, तळहाताएवढी, विणलेली. मास्टरांनी ती चिमटीत धरून उजेडात पाहिली. "डॉक्टर साहेब, हे तं मच्छरदानी होय." डॉक्टर म्हणाले, नात्यानं तसंच काहीसं. दोर, पोती ज्या प्लास्टिकची होतात, त्याच कुळातलं, पण शुद्ध केलेलं. ते पोटाच्या भिंतीत ठेवायचं आणि कायमचं तिथेच राहू द्यायचं.

मास्टरांनी विचारलं, आणि शरीर राहू देते?

त्या प्रश्नावर डॉक्टर अर्धा तास बोलले. बाहेर रुग्ण बसले होते, तरी बोलले. ते मी आपल्यापुढे जसंच्या तसं मांडू इच्छितो, कारण माझ्या अपिलाचा आधार तोच आहे.

ते म्हणाले, राहू देत नाही. शरीराला परकी वस्तू लगेच कळते. पहिल्या काही क्षणांत रक्तातली द्रव्यं तिच्यावर चिकटून थर धरतात. मग पांढऱ्या पेशी येतात. त्यांचं काम खाण्याचं. त्या प्लास्टिकला चावा घेतात, आणि चावलं जात नाही. मग अनेक पेशी एकमेकींत मिसळून एक राक्षसी पेशी तयार होते. तिलाही ते पचत नाही. खाता येत नाही, बाहेर ढकलता येत नाही, अशा स्थितीत शरीर शेवटचा उपाय करतं. त्या वस्तूभोवती ते तंतू विणू लागतं, तिला कोंडून टाकायला. जाळीला छिद्रं असतात. ते तंतू छिद्रांतून आरपार जातात, आणि काही महिन्यांत जाळी व मांस यांची एकच भिंत होते. डॉक्टर म्हणाले, ताकद आमच्या प्लास्टिकची थोडी आणि शरीराच्या रागाची जास्त. तो राग कायमचा असतो. थोडा थोडा, धुमसत. आम्ही त्याचाच उपयोग करून घेतो.

मास्टरांनी जाळी टेबलावर परत ठेवली. मग म्हणाले, "समजलं. बँडमंदी नवा माणूस आला का पयले सगळे त्याच्यावर खार खाते. त्याले काढता येत नाई. मंग त्याच्या भवती वाजवू लागते. एक दिवशी तो नसला का सूर पडते." डॉक्टर हसले. मीही हसलो, आणि या विषयावर एक संस्कृत समास तयार केला. तो आता आठवत नाही. आठवला तरी सांगणार नाही.

उठताना डॉक्टरांनी एक गोष्ट बजावली. या जाळीला भय एकाच गोष्टीचं. जंतू तिच्या धाग्यावर जाऊन बसला, तर धाग्याच्या आडोशाला तो घर करतो. तिथे रक्त पोचत नाही, म्हणून औषध पोचत नाही, पेशी पोचत नाहीत. मग जाळी काढावीच लागते, आणि वेळेत काढावी लागते. "म्हणून तिथल्या कातडीवर काही लावायचं नाही. तेल नाही, हळद नाही, बिब्बा नाही." बिब्बा नाही. माझ्या या दोन कानांनी मी ऐकलं.

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. जखम सुरेख भरली. त्या हंगामात झाडीपट्टीच्या एकाही नाटकाला मास्टर वाजवायला गेले नाहीत. प्रेक्षकांत बसले आणि दुसऱ्याच्या ट्रंपेटला नावं ठेवली. माघात डॉक्टरांनी परवानगी दिली. पहिल्या लग्नात ते वाजवू लागले, तेव्हा माझी नजर त्यांच्या बोटांकडे नव्हती, जांघेकडे होती. काही उसवलं नाही. जाळीनं धरलं. मास्टरांच्या शरीरानं तिला धरलं.

चैत्रात एका दुपारी ते माझ्या ओसरीवर आले. म्हणाले, "गुरुजी, इथी ठणकून राह्यलं." रविवारी वैरागडचं मोठं लग्न होतं. डॉक्टर बाहेरगावी शिबिरात, सोमवारी यायचे होते. "सोमवारलोग थांबू का?" एवढाच प्रश्न.

बंधूंनो, या प्रश्नाला "थांबा" हे उत्तर होतं. दोन अक्षरांचं. माझ्या तोंडून दोन अक्षरांचं उत्तर कधी निघालेलं नाही.

मी म्हणालो, मास्टर, आपल्या पूर्वजांनी भल्लातक नावाचं एक दिव्य फळ सांगून ठेवलं आहे. "म्हंजे काय?" म्हणजे बिब्बा. त्यांनी आठवण करून दिली. हो, त्यांनीच करून दिली. "डॉक्टर नाई म्हणले होते ना बिब्ब्याले." आणि मी काय केलं? मी अर्थ लावला. अर्थ लावणं हा माझा व्यवसाय आहे. मी म्हणालो, डॉक्टरांचा तो निषेध ओल्या जखमेला उद्देशून होता. जखम आता नाही, सबब निषेधही उरला नाही. बावीस वर्षं भाष्यं शिकवली, त्याचं हे फळ. माझ्या गुडघ्याला बिब्बा लागू पडला होता, हे प्रमाण म्हणून पुढे ठेवलं. मास्टर म्हणाले, "तुमी शिकलेले हा. तुमाले ठाऊक."

बाजारातून बिब्बे मी आणले. आपल्यापैकी कोणाच्या घरी बिब्बा नाही? कंबर धरली, बिब्बा. काटा मोडला, बिब्बा. सुईनं टोचायचा, दिव्यावर धरायचा, तेलाचा थेंब दुखऱ्या जागी. आपल्या सगळ्यांच्या अंगावर त्याचे काळे डाग आहेत. मास्टरांच्या घरी, त्यांच्या चुलीपुढे, माझ्या देखरेखीखाली तो लावला गेला.

बिब्बा उतला. तिसऱ्या दिवशी जांघेत फोड आले. चौथ्या दिवशी फुटले. त्याच्यावर कापड बांधून, वरून कोटाचा पट्टा आवळून, त्या उन्हात मास्टर लग्नामागून लग्न वाजवत राहिले. सोमवारी डॉक्टर परत आले होते. आम्ही गेलो नाही. कारण डॉक्टर विचारतील, काय लावलं. मी म्हणत होतो, सुकेल. रोज म्हणत होतो.

सोळाव्या दिवशी पू दिसला. मग गेलो. मी बरोबर होतो, बाकावर शेजारी बसलो होतो. डॉक्टरांनी कापड सोडलं, पाहिलं, आणि विचारलं, हे किती दिवसांपासून आहे? आणि काही लावलं होतं का? नीट सांगा, पुढचं सगळं त्यावर ठरणार आहे.

मास्टरांनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ? एखादा ठेका जितका असतो, तितका. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "दोन दिवस झाले, साहेब. घामोळं हाये. पट्टा घासला. लावलं काई नाई."

मी बोललो नाही. ज्या माणसाला शोकसभेत पाऊण तास बोलता येतं, तो बोलला नाही.

दोन दिवसांचं घामोळं म्हणून डॉक्टरांनी औषध दिलं आणि तीन दिवसांनी बोलावलं. बारा दिवसांची उघडी कातडी आहे हे कळलं असतं, तर त्यांनी काय केलं असतं? ते त्यांनी दिवाळीपूर्वीच, जाळी टेबलावर ठेवून, मला सांगितलं होतं. तीन दिवसांनी मास्टर तापानं फणफणलेले होते. डॉक्टरांनी तत्काळ जाळी काढली. नंतर मला आत बोलावून ट्रेमध्ये दाखवली. तिचा एक अर्धा भाग मांसात असा विणला गेला होता, की तो सुटला नाही, कापून काढावा लागला. मास्टरांच्या शरीरानं तिला आपलं केलं होतं, कायमचं. दुसऱ्या अर्ध्या भागात धागे उघडे पडले होते, पुवात बुडालेले, एकही तंतू न धरलेले, जसे त्या दिवशी टेबलावर होते तसेच कोरे. डॉक्टर म्हणाले, इथून शिरलं. वरून. का शिरलं, ते मला समजत नाही.

ते समजावून सांगणारा माणूस त्यांच्या समोर उभा होता. ट्रेकडे पाहत होता.

आणि तो जो मूळ ठणका, ज्यासाठी हे सगळं झालं? तो मी नंतर, दुसऱ्याच कोणाबद्दल विचारतो आहे असं दाखवून, डॉक्टरांना विचारला. म्हणाले, तंतू आवळतात तेव्हा काही जणांना ठणकतं. काही करायचं नसतं. आपोआप जातं.

जाळी निघाली तरी जंतू रक्तात पसरले होते. नागपूरला नेताना जीपमध्ये मी मास्टरांच्या उशाशी होतो. ब्रह्मपुरी मागे पडली तोवर ते शुद्धीवर होते. मला म्हणाले, "गुरुजी, माह्या शोकसभेत संस्कृत नोका बोलू. लोकायले समजलं पायजे." मी म्हणालो, मास्टर, आपण शतायुषी व्हाल. ते म्हणाले, "पाहा, सुरू झाले." त्यानंतर ते बोलले नाहीत.

या त्यांच्या वाक्याचा अर्थ मी बारा दिवस लावतो आहे. माझे अर्थ चुकतात, हे आता सिद्ध झालेलं आहे. कदाचित ही नेहमीचीच थट्टा असेल. पण लोकांना समजलं पाहिजे, हे शब्द मराठी आहेत, आणि त्यांना भाष्याची गरज नाही.

आज सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी नजमाभाभी इद्दतमध्ये, म्हणजे पतीनिधनानंतरच्या एकांतात आहेत, समोर येत नाहीत. दाराच्या पडद्याअलीकडे उभा राहून मी त्यांना हे सगळं सांगितलं. पडद्यापलीकडून त्या म्हणाल्या, "मले काय सांगता, गुरुजी? दिवा तं मीच धरला होता." मी विचारलं, मग आपण कोणाला का नाही बोललात? लोक डॉक्टरांना शिव्या देत होते. त्या म्हणाल्या, "मास्टरनं कसम घातली होती. गुरुजीचं नाव निघालं नाई पायजे, त्यायची मान खाली जाईन म्हणे." मग पडदा हलला. मला वाटलं, आत गेल्या. तेवढ्यात म्हणाल्या, "कसम मले घातली. तुमाले नाई घातली."

आपण माझ्याकडे असे पाहू नका. किंवा पाहा. पाहणं योग्य आहे. गेले बारा दिवस माझ्या आत एक वस्तू आहे. खाता येत नाही, टाकता येत नाही. मीही तिच्याभोवती विणत बसलो होतो. टपरीवर साखरेबद्दल बोललो, ते असंच विणणं होतं. डॉक्टरांना शिव्या पडत होत्या आणि मी त्यांच्या आडोशाला सुरक्षित होतो. मला क्षमा मागायची नाही. जो क्षमा करू शकला असता, त्यानं मी मागण्याआधीच, त्या बाकावर, एका ठेक्यात करून टाकली. ती मला पेलत नाही.

मघापासून फाटकाजवळ, सायकली लावतो तिथे, एक गृहस्थ उभे आहेत. आपण सर्वांनी येताना त्यांना पाहिलं आणि कोणीही आत या म्हटलं नाही. मीही नाही. डॉक्टर कुलसंगे, आत या. इथे, पहिल्या रांगेत, या खुर्चीवर बसा. ही माझी खुर्ची आहे. भाषण संपल्यावर मला तिची गरज नाही.

सोमाजीभाऊ, आपलं आतडं मागच्या महिन्यात अडकलं होतं आणि डॉक्टरांनी हातानं आत सारलं होतं. पुढच्या वेळी ते आत जाईलच असं नाही, हे त्यांनी आपल्याला सांगितलं आहे. जाळीनं मास्टरांना मारलं नाही. जाळी त्यांच्या शरीरात रुजली होती, मी ती पाहिली आहे. बिब्ब्यानं मारलं, आणि तो बिब्बा माझा होता. परवा शुक्रवार आहे. पुढच्या चैत्रात आपल्याला ठणकलं, तर माझ्या ओसरीवर येऊ नका. आलात, तर मी एकच शब्द बोलेन. थांबा. डॉक्टर येईपर्यंत थांबा.

आता मौन.

गुलशन बँडच्या मंडळींना माहीत आहे, आणि ज्यांच्या वराती निघाल्या त्यांनाही आठवेल. वाजवणं सुरू करण्यापूर्वी मास्टर ट्रंपेट ओठांशी नेत आणि क्षणभर तसेच थांबत. त्या क्षणी ढोलवाल्याची काठी हवेत, क्लॅरनेटवाल्याची छाती भरलेली, नवरदेवाचा घोडासुद्धा गप्प. मग मास्टर भुवई उडवत, आणि सगळा रस्ता वाजू लागे. आपण तो क्षण पाळू या. उभे राहा. श्वास भरून घ्या.

तो सोडायची खूण करणारा माणूस आज नाही. म्हणून ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं सोडावा. आणि सोमाजीभाऊ, आपण सोडलात की थेट पहिल्या रांगेकडे, डॉक्टरांकडे चालत यावं. आम्ही वाट करून देऊ.

मास्टर, सलाम.